चांदणीवरचा आळ

‘एवढं तुमच्या यंत्रात ओता,’ असं म्हणून दादासोनं दुधाची किटली थेट टेबलावर ठेवली. सूर्याच्या नोंदींच्या कागदांवर तिचा गोल ठसा उमटला.

निशिगंधा मॅडमनी ती अलगद खाली ठेवली. कोडोलीच्या माळावर सूर्याची दुर्बीण बसवून त्यांना वर्ष झालं होतं. गावातून आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

‘हे यंत्र फक्त सूर्य तपासतं, दादासो.’

‘पंधरा कोटी किलोमीटरवरचा सूर्य कळतोय, आन् हातभरावरचं दूध कळंना व्हय?’

प्रकरण असं होतं. दादासोची म्हैस चांदणी प्रदर्शनात पहिली आली. चौकात हार घातलेला तिचा फ्लेक्स लागला. आणि त्याच सकाळपासून डेअरीचं मशीन तिच्या दुधात शंभराला सात पाणी दाखवू लागलं. आम्ही पाणी घालत नाही, अशी दादासोनं शपथ घेतली. त्याची आई आक्का, बायको मीनाबाई, लेक साक्षी, सगळ्यांनी घेतली. राहिली चांदणी. तिनं शपथ घेतली नव्हती. तेव्हा डेअरीचे सेक्रेटरी गणपतराव म्हणाले, ‘म्हशीतच खोट हाय. सोमवारी वडगावच्या बाजारात काढ, न्हाईतर तुझं दूध बंद.’

मॅडमना दया आली. त्यांनी त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं. केसाएवढ्या फटीतून सूर्याचा उजेड आत येत होता. हजारो बारीक चरे पाडलेल्या पट्टीवर आपटून तो रंगारंगांत लांबच लांब पसरत होता. त्या रंगांत मधे मधे काळ्या रेघा होत्या.

‘ही लोखंडाची. ही सोडियमची. आणि ही पाण्याची.’

‘सूर्यातबी पाणी घालत्यात?’

‘सूर्य गरगर फिरतो. त्याची एक कड आपल्याकडं येते, दुसरी लांब जाते. दुर्बीण या कडेवरून त्या कडेवर नेली, की सूर्यातल्या रेघा किंचित सरकतात. इतक्या किंचित, की ते बघायला एवढं मोठं यंत्र लागतं. पाण्याची रेघ मात्र जागची हलत नाही.’

‘का?’

‘कारण ते पाणी सूर्याचं नाही. आपल्या हवेतलं आहे. वाटेत मिसळलेलं.’

दादासोनं त्या रेघेवर बोट रोखलं. ‘वाटेत,’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कड बदलली. घरात कुणाला न सांगता शेजारच्या धैर्यशीलच्या म्हशीची धार काढली आणि ते दूध स्वतःच्या किटलीत भरून रोजच्या जागी ठेवलं. डेअरीत पाणी निघालं, सात. रेघ हलली नव्हती. दादासोनं घरी येऊन चांदणीच्या गळ्यात पडून माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी त्यानं वाट मोकळी केली. आई, बायको, लेक, तिघींना आतल्या खोलीत घालून कडी लावली. आतून आक्का ओरडत होती, ‘आरं, डोकं फिरलंय का तुजं!’ त्यानं ऐकलं नाही. चांदणीचं दूध त्यानं एकट्यानं काढलं, एकट्यानं नेलं.

पाणी सात.

गणपतराव हळूच म्हणाले, ‘आता उद्याच सोमवार की, दादासो.’

दादासो तडक माळावर आला. ‘मॅडम, तुमचा सूर्य खोटा हाय. म्हस सुटली, बायका सुटल्या, पाणी तितकंच!’

मॅडमनी वही उघडली. ‘धार काढल्यापासून डेअरीपर्यंत काय काय केलंत, क्रमानं सांगा.’

‘धार काढली. उंबऱ्यावरच्या कळशीतलं दृष्टीचं घातलं. झाकाण लावलं. गाडीला किटली अडकवली. गेलो.’

मॅडमचं पेन थांबलं. ‘दृष्टीचं?’

‘फ्लेक्स लागल्यापास्नं सगळ्या गावाची नजर हाय की तिच्यावर. निरसं दूध तसंच उंबऱ्याभाईर काढत न्हाय आमच्यात. आक्काचं एक फुलपात्र, मीनाचं एक, साक्षीचं एक, माझं एक. आज तिघी कोंडल्याल्या, म्हणून त्यांच्या वाटणीचीबी मीच घातली.’ दादासोनं गळ्याला चिमटा घेतला. ‘पण पाणी म्हणाल तर, मॅडम, आईशप्पत, थेंब न्हाय.’