मिटलेली मूठ

बायबल-अभ्यासात आमच्या चर्चच्या दोघा पाळकांची पुन्हा जुंपली.

"वधस्तंभावरच साऱ्या जगाला क्षमा झाली," म्हातारे मकासरे पाळक म्हणाले. "कुणी विश्वास ठेवण्याआधीच."

"मग विश्वास काय शोभेला?" तरुण उजगरे पाळक म्हणाले. "माणूस विश्वासानेच नीतिमान ठरतो. आपले शमुवेलकाकाच बघा, मरताना विश्वासानं प्रभुभोजन घेऊन गेले!"

सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. मी शमुवेलांची बायको. त्या शेवटच्या दिवशी मकासरे पाळक यांना प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षरस देऊन प्याला पुसायला वळले, तेव्हा यांनी भाकरीचा तुकडा माझ्या तळहातावर थुंकला होता. "माझा नाही गं विश्वास," म्हणाले आणि गेले. मी मूठ मिटून घेतली. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आपल्यात रीत नाही, तरी पाच वर्षं रोज पहाटे गुडघे टेकून यांच्यासाठी क्षमा मागते आहे.

आज धीर करून मकासरे पाळकांना विचारलं, "आणि ज्यानं शेवटच्या घटकेलाही नाकारलं, त्याचं हो?"

"क्षमा त्याचीही झाली होती, बाई. त्यानं ती घेतली नाही. आता उपाय नाही."

"अगदी बरोबर," उजगरे पाळक म्हणाले.

पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. मलाही म्हणावं लागलं.