अर्धी टाकी

बोटीवर उभ्या क्वाकने टाकी पाठीवर चढवली आणि नळीला लटकणारा हवेचा काटा मुद्दाम हेजूच्या डोळ्यांसमोर लोंबू दिला. काटा अर्ध्यावर होता. एवढ्या हवेवर बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायचं म्हणजे परत यायचा विचार सोडूनच शिरायचं. हेजूची नजर काट्यावर गेली, क्षणभर अडखळली आणि सरळ पाण्याकडे वळली.

"काय गं? काही म्हणायचंय?"

"नाही, सर."

झालं. क्वाकच्या कपाळाला आठी पडली.

हेजूला शिकवायला घेतल्यापासून, गेले दोन महिने त्याला हाच संशय खात होता. पोरगी हुशार. गाठ मार म्हटलं की गाठ मारायची, डोळ्यांवर पट्टी बांधून दोरीच्या आधाराने बाहेर ये म्हटलं की यायची. पण 'नाही' म्हणणं तिला ठाऊकच नसावं. रविवारी मुरलेल्या पाणबुड्यांची तुकडी जहाजाच्या पोटात, पार इंजिनाच्या खोलीपर्यंत जायची होती. हेजूला बरोबर न्यायचं की नाही, ते आज ठरायचं होतं. गेल्या साली पलीकडच्या बंदरातला एक चेला असाच गुरूमागे मुकाट आत गेला होता. गुरू वाट चुकला. चेल्याने त्याला थांबवलं नाही. दोघांचीही प्रेतं दुसऱ्यांनी बाहेर काढली.

"एवढी गुणाची पोर, आणि तुझं तोंड कारल्यासारखं का रे?" बोट चालवणारा चोन तांडेल सुका माकूळ मासा चावत म्हणाला.

"गुणाची आहे म्हणूनच," क्वाक पुटपुटला आणि त्याने पाण्यात उडी टाकली.

आत शिरायचा त्याचा अजिबात विचार नव्हता. सकाळीच एकट्याने खाली जाऊन त्याने जहाजाच्या कठड्यामागे एक भरलेली टाकी लपवून ठेवली होती. हे फक्त तांडेलला माहीत होतं.

तळाशी पाणी गार आणि गढूळ होतं. डेकवरचं भोक आ वासून बसलेलं. क्वाकने कठड्याला दोरी बांधली आणि हाताने खूण केली, चल आत. हेजू हलली नाही. त्याने पुन्हा खूण केली, या खेपेला जरबेने. तिने त्याच्या काट्याकडे पाहिलं. मग उजव्या कानाला बोट लावलं, पंजा डावीउजवीकडे हलवला आणि अंगठा वर केला. कान दुखतोय, वर चला.

ही बहाणा करतेय, असा क्वाकला संशय आला. कान दुखायचा तो उतरताना दुखतो. तळाशी पोचून, दोरी बांधून झाल्यावर दुखणारा कान त्याने तरी पाहिला नव्हता. पण अंगठा वर झाला की वर जायचंच. ते वर आले.

बोटीवर येताच ती निथळत्या अंगाने कमरेत वाकली. "माफ करा, सर. माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला. कान फार दुखला."

"कुठला?"

"डावा." खाली तिने बोट उजव्याला लावलं होतं.

तांडेलने तिच्या हातात जवाचा गरम चहा दिला आणि क्वाककडे पाहायचं टाळलं.

"मग रविवार विसर," क्वाक म्हणाला. "दुखऱ्या कानाची माणसं मी नेत नाही."

तिचा चेहरा पडला. त्या रविवारसाठी ती किती झुरत होती हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. "हो, सर," ती एवढंच म्हणाली. चहा बाजूला ठेवून तिने त्याची टाकी उचलली, हळूच आडवी केली आणि तांडेलला दिसू नये अशा बेताने काटा फळीकडे तोंड करून ठेवला.

ते पाहून क्वाक तांडेलकडे वळला.

"चोन, जरा इंजिन बघून ये."

"त्याला काय धाड भरलीय?"

"जा रे बाबा!"

तांडेल माकूळ घेऊन पलीकडे गेला. त्याची पाठ वळेपर्यंत हेजू थांबली.

"आता बोल. कान कसा आहे?"

"कानाला काही झालेलं नाही, सर. तुमच्या टाकीत अर्धीच हवा होती. वर तांडेलकाकांसमोर कशी बोलू? तुमची लाज गेली असती."

"आणि जीव गेला असता म्हणजे?"

"म्हणून तर खाली थांबवलं तुम्हाला."

क्वाकच्या छातीवरचं ओझं उतरलं. "अगं, मुद्दाम केलं मी. परीक्षा होती तुझी. भरलेली टाकी खाली कठड्यामागे ठेवलीय. गुरूलाही थांबवतेस की नाही, एवढंच बघायचं होतं. थांबवलंस. पण यापुढे कान नको, पोट नको. नुसता अंगठा वर कर. ये रविवारी."

ती आता वाकेल असं त्याला वाटलं. ती ताठच उभी राहिली.

"मुद्दाम केलंत?"

"हो."

"मग मी नाही येणार. आत अंधारात तुमचं खरं कुठलं आणि परीक्षा कुठली, हे मला कसं कळायचं?"

इंजिनाकडून तांडेल खदखदून हसला. सगळं ऐकत होता लेकाचा. "घे! दोन महिने 'नाही' पाहिजे होतं ना तुला? मिळालं!"

खालची टाकी तर आणायलाच हवी होती. क्वाकने बोटीवरची दुसरी टाकी पाठीवर चढवली. "तू वरच थांब वाटल्यास," तो म्हणाला. आपलीही टाकी चढवून हेजू त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"काटा दाखवा."

पुढे 'सर' नव्हतं. त्याने दाखवला. काटा पुऱ्या भरल्या खुणेवर होता. तिने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि मुद्दाम अडकवलेला तर नाही ना, म्हणून काचेवर नखाने टिचकी मारून पाहिली.