पेटीतलं नवंकोरं

कागलच्या एमआयडीसीत शालन थिनरच्या बोळ्यानं लोखंडी पार्ट पुसायची. सात वर्षांनी तिच्या अंगात रक्त बनायचंच बंद पडलं. लाखात एखाद्याला होणारा आजार.

"थिनरनंही होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "कारखान्यात हातमोजे देत नव्हते?"

"देत्यात की! दर म्हैन्याला नवा जोड. समदे पेटीत हाईत."

"पेटीत? कशाला?"

"नवंकोरं हाय, सायेब. ते कुणी कामाला वापरतंय व्हय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पण शालनच्या घरची रीतच तशी होती. नवी वस्तू आली की आधी पेटीत जायची. वापरायला जुनं असायचंच.

वर्षभर औषधं झाली, परक्यांचं रक्त चढलं, आणि एकदाचं तिचं स्वतःचं रक्त बनू लागलं. घरी आल्या आल्या तिनं पेटी उघडली. हातमोजे सगळे कारखान्यात जाणाऱ्या शेजारणीबरोबर तिथल्या लायनीतल्या बायकांना धाडले. मग तळातली, घडीही न मोडलेली इरकली साडी काढली आणि नेसायला लागली.

सासू दारातनं ओरडली, "आगं, आज सण कुठला हाय?"

"सण न्हाय, आत्ती," शालन निऱ्या घालत म्हणाली. "मी हाय की!"