मंजुरीचा नंबर

"हा नंबर मार्चमधला आहे, मिस्टर स्ट्राउड," सालास म्हणाले. "आता ऑक्टोबर चाललाय."

लोवेल स्ट्राउडने काउंटरपलीकडून नुसती मान हलवली. हो म्हटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

शेजारी उभी असलेली त्याची मुलगी, कोरीन, मात्र धास्तावली. सालास सॅक्रामेंटोहून आले होते, राज्याच्या शस्त्र खात्यातून, आणि तिथला माणूस एवढ्या लांब डोंगरात काही कॉफी प्यायला येत नाही. कॅलिफोर्नियात एका परवानाधारक दुकानदाराला दुसऱ्याकडे बंदूक पाठवायची, तर आधी राज्याकडून मंजुरीचा नंबर घ्यावा लागतो. दर खोक्याला नवा नंबर. लोवेलने रेडिंगच्या दुकानदाराला रायफल पाठवली, ती मागच्या खेपेच्या नंबरावर. रेडिंगवाल्याने खोकं बाजूला ठेवून थेट खात्याला फोन लावला होता.

"दुकानदार तोच, म्हणून नंबरही तोच चालेल असं वाटलं असेल," कोरीन घाईने म्हणाली. "नवशिके हमखास करतात ही चूक."

"नवशिके," सालास म्हणाले. "तुमचे वडील कधीपासून आहेत या धंद्यात?"

"माझ्या जन्माआधीपासून."

"मग?"

कोरीनने भिंतीवरच्या बंदुकांकडे पाहिलं. दुकान तिच्या आजोबांनी थाटलेलं. मागच्या दोन खोल्यांत तिच्या वडिलांचं घर. परवाना गेला तर या सगळ्या बंदुका दुसऱ्या दुकानात जाणार आणि दाराला कुलूप लागणार. एप्रिलमध्ये आई गेली, तेव्हापासून या दुकानामुळेच डॅड उभे आहेत, असं ती भेटेल त्याला सांगायची. दुकान गेलं की बाप गेला, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

"डॅड, सांगा ना यांना काहीतरी."

"काय सांगू? नंबर जुना आहे. मी लिहिला."

"नियम माहीत होता तुम्हाला?" सालासांनी विचारलं.

"हा नियम आला तेव्हा अख्ख्या जिल्ह्यातल्या दुकानदारांना मीच समजावून सांगितला होता."

कोरीनला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. स्ट्राउड घराण्याचा हा ताठा! विसरलो, माफ करा, एवढं म्हणायला काय जात होतं?

"परवाना घेऊन जा," लोवेल म्हणाला. "माल आजच उचलायचा असेल तर माझी हरकत नाही. चाव्या देतो."

त्याने खरंच चाव्या काढून काउंटरवर ठेवल्या. सालास चाव्यांकडे बघत राहिले.

अलीकडे डॅडचं हे असंच चाललं होतं. कुत्रा शेजाऱ्यांना देऊन टाकला, म्हणे आता फिरवणं जमत नाही. रात्री घर सोडून अंगणातल्या गाडीत झोपायचे. आईच्या रिकाम्या पलंगाशेजारी झोप कशी लागणार, म्हणून कोरीनने गाडीत जाड पांघरूण नेऊन ठेवलं होतं. गेल्या महिन्यात तर दुकान बंद करू या म्हणाले. तिने हसण्यावारी नेलं होतं. "घरी बसून माझं डोकं खाल तुम्ही," असं म्हणाली होती. यातलं काही सालासांच्या कानावर घालण्यात अर्थ नव्हता.

तिने चाव्या उचलून खिशात टाकल्या.

"नंबर मी लिहिला," ती म्हणाली. "डॅड मला पाठीशी घालताहेत."

"कोरी!"

"तुम्ही थांबा हो, डॅड. मिस्टर सालास, त्या दिवशी खोकं मीच बांधलं. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं, नवा नंबर मागवायचा कंटाळा केला. शिक्षा करायची तर मला करा."

"ती खोटं बोलतेय," लोवेल म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी लिहिला तो नंबर. माझं ऐका. हे सगळं घेऊन जा इथून!"

सालासांनी चष्मा काढून पुसला. इतका वेळ आवळलेला त्यांचा चेहरा सैलावला.

"पोरीसाठी बाप खोटं बोलणारच," ते म्हणाले. "मलाही दोन मुली आहेत, मिस्टर स्ट्राउड. तुमच्या नावावर आजवर एक तक्रार नाही. लेखी ताकीद देतो आणि विषय संपवतो. आणि तुम्ही, बाईसाहेब, पुढच्या वेळी कंटाळा करू नका."

"नाही करणार. शपथ."

"सालास," लोवेल म्हणाला, "तुम्ही चूक करताय."

"उपकार मानायची ही तऱ्हा नवीनच आहे," सालास हसले. त्यांनी टोपी चढवली, कोरीनशी हात मिळवला आणि ते निघाले.

त्यांची गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत कोरीन काचेशी उभी होती. मग ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"वाचलो, डॅड! सगळं घालवायला निघाला होतात तुम्ही. आता तरी मोकळा श्वास घ्या."

लोवेल स्टुलावर बसला होता. भिंतीवरच्या बंदुकांकडे पाठ करून.

"जुना नंबर मी मुद्दाम लिहिला होता, कोरी," तो म्हणाला. "कोणीतरी येऊन ह्या सगळ्या घेऊन जाईल म्हणून. रात्री मी इथे ह्यांच्याजवळ एकटा असतो, पोरी, आणि माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही."