वहीबरहुकूम

“थांब गं आजी, इथं अख्खी ओळच गाळलीय त्यांनी.” मीनलनं प्रुफाच्या समासात पेन्सिलीनं खूण केली. “हं, पुढं.”

उमाबाईंनी मांडीवरची वही सावरली आणि पुढं वाचायला लागल्या. खाटेवर विष्णुपंत डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडे असते तरी फरक पडला नसता. काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वी दोन्ही नेले होते.

पंधरा दिवसांनी त्यांना पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी म्हणून काढलेली वर्षं, आईवडील, भावंडं, सगळ्या आठवणींचं पुस्तक त्या दिवशी कुळगावच्या घरी निघायचं होतं. पावसाळाभर आजोबांनी सांगितलं आणि नातीनं वहीत उतरवून घेतलं. उमाबाईंचा त्या चातुर्मासात लाख वातींचा नेम होता. शेजारी बसून वाती वळता वळता सगळं कानावर पडत होतंच, आणि एकदा ऐकलेलं त्या विसरत नसत.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या प्रेसमधून प्रुफं आली, तेव्हा मीनल म्हणाली, “एकीनं वही मोठ्यानं वाचायची, दुसरीनं छापलेलं ताडून बघायचं. आईला सांगू?”

“तुझी आजी वाचेल,” विष्णुपंत म्हणाले.

“मी? आणि माझी कामं कोण करणार?”

“पोथी वाचतेस ना रोज घडाघडा, चष्म्यावाचून? ही माझी पोथी समज.”

“घ्या! पोथी यांचीच आणि देवही हेच,” उमाबाई म्हणाल्या. पण हात धुऊन, पदराला पुसून येऊन बसल्या.

मीनलचे बाबा, मधू, हसले होते. “बरोबर आहे. नोकरीत असताना बाबा रोज स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून अख्खा पेपर मोठ्यानं वाचायचे. आई पोळ्या लाटत ऐकायची. आता आईची पाळी.”

व्हिडिओची कल्पनाही मधूचीच. उल्हासनगरचा शूटिंगवाला ठरला होता. समारंभात प्रत्येकानं कॅमेऱ्यासमोर पुस्तकातलं आपल्याबद्दलचं पान वाचायचं. म्हणजे घराण्याची कॅसेट कायमची झाली.

त्यातच चिंतामणीकाकांचं पत्र आलं. विष्णुपंतांचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. ‘वहिनींनी निरोप धाडला म्हणून येतो,’ एवढंच पत्रात होतं. मीनलनं ते वाचून दाखवलं, तेव्हा विष्णुपंतांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

आज पान एकेचाळीस होतं. मीनलला ते पाठ होतं. आजोबांनी ते सांगताना तिचा हात थांबला होता आणि ते ओरडले होते, “लिही!” छापलेलं तिच्या समोर होतं: ‘आई गेली त्या दिवशी चिंतामणी हाकेच्या अंतरावर असून आला नाही. असा भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा.’

हेच पान काका कॅमेऱ्यासमोर वाचणार होते.

उमाबाईंनी पान उलटलं. एकदा खाटेकडे पाहिलं. मग त्याच आवाजात वाचू लागल्या.

“आईच्या दुखण्यात चिंतामणी रोज सायकलवरून बेलवलीहून दूध आणायचा. मी कामावर असायचो. आईचं न्हाणंधुणं त्यानंच केलं, लेकीनं करावं तसं. ती गेली त्या दिवशी तो आला नाही. नदीवर बसून होता दिवसभर. त्याला तिथून उठवून आणायला मी जायला हवं होतं. थोरला मी होतो.”

मीनलची पेन्सिल हवेतच राहिली.

विष्णुपंत खाटेवर उठून बसले. मग त्यांनी विचारलं, “मीनल, जुळतंय का?”

तिनं आजीकडे पाहिलं. आजी वहीत पाहत होती.

“जुळतंय,” मीनल म्हणाली.

स्वयंपाकघरात तिनं आजीला गाठलं. “आजी, हे काय केलंस? वहीत असं काहीच नाहीये.”

“जे झालं होतं ते वाचलं.”

“अगं, पण छापून तर तेच येणार ना, पहिलं! काका वाचतील आणि उठून जातील. परत कधी येणारसुद्धा नाहीत.”

“मग तू दुरुस्त कर की. पेन्सिल तुझ्याकडे आहे.”

“आजोबांना न सांगता?”

उमाबाईंनी देवापुढचं निरांजन उगाच पुन्हा पुसलं. “ते भाऊजींची वाट बघतायत गं. सांगायचे नाहीत ते.”

मीनलला ना दुरुस्त करवेना, ना सोडून देववेना. दुसऱ्या दिवशी प्रेसवाल्याचा शेजारच्या दुकानात मीनलसाठी फोन आला: “बेटी, आज शाम तक प्रूफ दे दो, नहीं तो जैसा है वैसा मशीन पे चढा दूँगा.”

आजी देवळात गेली होती. मीनल प्रुफं घेऊन खाटेजवळ बसली.

“आजोबा, काल मी खोटं बोलले. पान एकेचाळीस जुळत नव्हतं. आजीनं भलतंच वाचलं. तुम्ही सांगितलेलं मी वाचून दाखवते, मग तुम्हीच ठरवा.”

“नको. ती काय म्हणाली ते आठवतंय तुला?”

“शब्दन् शब्द.”

“मग तसंच्या तसं घाल. ‘थोरला मी होतो’ इथं पान संपव.”

मीनलनं डोळे पुसले आणि लिहून काढलं. मग तिला राहवेना. “तुम्हाला कालच कळलं होतं?”

“मी सांगितलेलं मला कळणार नाही होय?”

“मग आज वही मी वाचते. आजी उरलेल्यातही बदलेल. वहीत एक आणि वाचायचं एक! समोर स्वच्छ लिहिलेलं दिसत असताना तिचा धीर कसा झाला?”

विष्णुपंतांनी फाटकाकडे कान दिला. उमाबाईंच्या चपला अजून वाजल्या नव्हत्या.

“हळू बोल. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, मीनल. तिला एक अक्षरही वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे, हे तिला अजून ठाऊक नाही.”