राणीसरकारांची तपासणी

डॉक्टरीणबाईंनी डबीचं झाकण उघडून वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, यात लसूण आहे.”

“आहे ना,” घड्याळजी खुशीत म्हणाला. “लसूण, कसलीशी साल, दोन-चार पाले. सगळं नैसर्गिक. अंगावरचे केस रेशमासारखे होतात म्हणे.”

“धोतऱ्याचं बोंडही नैसर्गिकच असतं. मांजराला लसूण विषासारखा, काका. रक्त नासतं. हिला दिलंत की काय?”

घड्याळजीच्या तोंडचं पाणी पळालं. बिचारा आला होता मांजरीची नखं कापून घ्यायला, आणि जाता जाता आपली हुशारी मिरवायला. मांजर, म्हणजे राणीसरकार, टेबलावर शेपटी गुंडाळून बसली होती आणि खटला दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी खिडकीबाहेर बघत होती.

“मी तपासूनच दिलं,” तो चाचरत म्हणाला. “आधी आठ दिवस स्वतः खाल्लं. मला काही म्हणजे काही झालं नाही.”

“तुम्ही मांजर आहात का?”

“टकलावर एक केस उगवला नाही,” बाकावरून बायको म्हणाली, “तेव्हाच म्हटलं होतं, ती डबी फेकून द्या.” आवाज नेहमीचाच होता, पण मांजरीच्या टोपलीचा पट्टा ती ओलं फडकं पिळावं तसा पिळत होती.

तीन दिवस, रोज एक गोळी. पूड मधात मळायची, आणि जन्मभर घड्याळांची चाकं उचललेल्या बोटांनी मण्यासारखी गोल करायची. राणीसरकार ती तोंडात धरून कपाटाखाली जायची. निवांत खायला, असं घड्याळजी सगळ्या गल्लीला सांगत सुटला होता.

डॉक्टरीणबाईंनी मांजरीचा ओठ वर करून पाहिला. “हिरड्या गुलाबी आहेत. पण हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी वर येतं. रक्त काढू. आणि हिला इथेच ठेवून जावं लागेल.”

बायको उठली. “हिला काही झालं ना,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही. ती शिव्या घालती तर बरं, असं घड्याळजीला वाटलं. त्यानं रुमालानं टक्कल पुसलं, रुमाल टेबलावर टाकला आणि मांजर धरायला पुढे झाला. लंगडतच.

“पायाला काय झालं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“काही नाही हो. बूट चावतोय सकाळपासून.”

बायकोनं बुटांकडे पाहिलं. लग्नाकार्याला नाहीतर दवाखान्यात जाताना घालायचे ते ठेवणीतले बूट.

“हे कुठून काढलेत आज?”

“कुठून म्हणजे? कपाटाखालून,” घड्याळजी म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

तो तिथेच फरशीवर बसला. उजवा बूट उलटा करताच दोन गोळ्या पडल्या, एक गोल आणि एक टाचेखाली चपटी झालेली. डावा झटकला. काही नाही. पुन्हा झटकला. शेवटी त्यानं मनगटापर्यंत हात आत घातला आणि टोकाला चिकटलेली तिसरी गोळी नखानं खरवडून काढली.

तिन्ही त्यानं टेबलावर ओळीनं मांडल्या.

“एवढ्याच दिल्या होत्या?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“एवढ्याच. देवाशपथ.”

डॉक्टरीणबाईंनी रक्तासाठी काढलेली सुई परत खणात टाकली. “घरी न्या हिला. जेवत नाही, मलूल वाटली, तर लगेच आणा. आणि काका, यापुढे आधी मला विचारा.”

बायको हसली, मग डोळे पुसू लागली, मग परत हसली.

राणीसरकार पुढे झाली. गोळ्या एकेक हुंगल्या. मग वाळूत घाण पुरावी तसं पुढच्या पंजानं टेबलाचा पत्रा खरवडू लागली. पत्र्यावर माती कुठली? तिनं इकडेतिकडे पाहिलं, घड्याळजीचा रुमाल नखानं ओढला आणि तिन्ही गोळ्यांवर नीट पांघरला.