चार्जर

न्यूट्रिनोचं वजन मोजायच्या प्रयोगातला प्रचंड विद्युतदाब तपासणाऱ्या यंत्राचेच आकडे सरकले होते. “फ्रीडहेल्म, हातांना पेन्शन दे आता!” सहकाऱ्यानं टोमणा मारला. यंत्र बांधणारा फ्रीडहेल्म हसला नाही. दोष शोधायला त्यानं सीलबंद झाकणावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. झाकण उघडताच आतली नाजूक जुळणी बिघडून दोन वर्षांचं काम वाया जाणार होतं. त्यांच्या गटातल्या तरुण मारीकेनं खिशातला चार्जर घट्ट धरला. ब्राउनश्वाइगच्या तपासणी प्रयोगशाळेतून यंत्र तिनंच मोटारीनं आणलं होतं. गार झालं तर त्याचे आकडे सरकतात, म्हणून वाटेत त्याची पेटी मोटारीच्या विजेवर गरम ठेवायची होती. पण मित्राशी फोनवर भांडताना फोनची बॅटरी उतरली, तेव्हा तिनं पेटीचा प्लग काढून चार्जर लावला होता. आठवडाभर ती गप्प होती. “थांबा! यंत्र वाटेत गार पडलं. माझ्यामुळे.” तिनं चार्जर टेबलावर ठेवला. फ्रीडहेल्म आपले हात उलटसुलट पाहत म्हणाला, “पोरी, आठवडाभर यांनाच शिव्या घालतोय.”